बिनगाठीची शिवण

रविवार, १ डिसेंबर २०२४

पतसंस्थेने जानेवारीत दिलेली डायरी अकरा महिने कोरी पडली होती. शेजारची भागूबाई म्हणाली, रद्दीत घाल. म्हटलं, रद्दीत जायच्या आधी तिच्या कानावर दोन गोष्टी पडू देत. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, कोणी हसू नये.

घरात मी एकटी. हे रेल्वेत गार्ड होते, म्हणून कोकणातली आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी माणसं या श्रीरामपुरात येऊन रुजलो. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. अजूनही कोणी नवा माणूस नाव ऐकतो आणि विचारतो, "सिपोरामावशी, तुम्ही कोणत्या चर्चला जाता?" मी म्हणते, "आम्ही त्यांच्याही आधीच्या." तो मान डोलावतो आणि नाताळाला न चुकता केक आणून देतो. मीही घेते. केकाला कशाला धर्म शिकवायचा.

नणंद मलका मार्चमध्ये गेली. चाळीस वर्षं आम्ही दोघी मिळून कफन शिवत होतो. दौंड, नगर, मनमाड, जिथे आपल्यातली बाई जाईल तिथून निरोप यायचा आणि आमच्या दोन सुया चालू व्हायच्या. बाईचं बाईनेच शिवायचं, आंघोळही बाईनेच घालायची. तयार गाठोडं पॅसेंजरच्या गार्डाकडे दिलं की उन्हं उतरायच्या आत पोचायचं. मलकाचं मी एकटीने शिवलं. शेवटचा टाका घालताना मनात आलं, सिपोरा, आता तुझं कोण शिवणार?

कोणाला बोलले नाही. इथे लिहिलं, बस्स झालं.

मंगळवार, १० डिसेंबर

पाहुण्या आल्या. तिघी. आपल्यातल्याच, पण शहरातल्या. त्यांचं बायकांचं मंडळ आहे, चित्रं, विणकाम, शिवणकाम करतात. जिथे आपली एखादी-दुसरीच बाई उरली आहे तिथे जाऊन दोन महिने राहायचं, तिच्याबरोबर काहीतरी करायचं, असं त्यांनी ठरवलंय म्हणे. बाजाराजवळचं कापसाचं रिकामं गोदाम मिळवलंय. राहायला माझ्याकडे.

रिव्का ठाण्याची, पन्नाशीची, मंडळाची पुढारी. तिचं बोलणं म्हणजे शिट्टी झालेली गाडी. दीना मुंबईची, चित्रं काढते, चहा मागून पिते, पोळी मागून खाते, तिची मला काळजी नाही. तिसरी याएल, पुण्याची, तिशी ओलांडलेली. ही बोलते मोजून आणि जेवते त्याहून मोजून.

मंडळाचं नाव 'डफ'. मी विचारलं, "तमाशाचा फड आहे का?"

रिव्का म्हणाली, "नाही आँटी. धर्मपुस्तकात समुद्र ओलांडल्यावर मिर्यमने हातात डफ घेतला आणि सगळ्या बाया तिच्यामागे नाचत निघाल्या, ते. पुरुषांनी काय काय केलं ते सगळ्यांना पाठ आहे. बायांनी काय केलं ते आम्ही शोधतोय."

"बायांनी स्वयंपाक केला असेल. एवढा समुद्र चालून भूक लागते."

दीनाने ते वहीत लिहून घेतलं. मी आपली गंमत केली होती.

मग रिव्काने विचारलं, तुमची कला कोणती. म्हटलं, माझी कसली कला, मशीनवर तीस वर्षं शाळेचे युनिफॉर्म शिवले. कफनाचं काढलं नाही. उंबऱ्यात पाय ठेवलेल्या पोरींपुढे कोणी ते काढतं का?

शुक्रवार, १३ डिसेंबर

उद्या शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार, उद्या लिहायचं नाही, म्हणून आजच. दिवसभर घर भरल्यासारखं वाटलं. नारळाच्या रसातली मासळी केली. दीनाने ताट चाटूनपुसून खाल्लं, याएलने भात इकडचा तिकडे केला.

तिच्या मोबाईलवर निळ्या साडीतल्या एका बाईचा फोटो आहे. हसरी बाई, माझ्यासारखीच बुटकी. विचारलं, "कोण गं?"

"आई."

"मग तिलाही आणायचं होतंस. मला जोडीला बाई मिळाली असती."

ती उठली आणि परसात जाऊन उभी राहिली. शेवग्याकडे बघत होती, शेवग्याला शेंगा नाहीत. मायलेकींचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. आजकालच्या पोरी आयांवर लगेच रुसतात. थोडी ओळख वाढली की समजावून सांगेन, आई आहे तोवर बोलून घ्यावं.

बुधवार, १८ डिसेंबर

काम सुरू झालं. सिनेगॉगमधल्या धर्मग्रंथाच्या कपाटापुढे आपल्यात पडदा असतो, तसा मोठा पडदा करायचा, पण बायकांच्या जुन्या साड्यांचा. प्रत्येक तुकड्यावर एकेका आईचं, आजीचं नाव. गावोगावच्या बायांनी तुकडे पाठवलेत. ते सगळे जोडायचे. मला मधला पट्टा दिला, माझ्या आईच्या नऊवारीचा आणि मलकाच्या दोन साड्यांचा.

मी मशीनवरचं कापड काढायला लागले तर रिव्का म्हणाली, "मशीन नाही आँटी. हातानेच."

"अगं, मशीनवर तासाचं काम आहे."

"म्हणूनच."

हिला काय म्हणावं. पण ऐकलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डाव्याचा पिकतोय. सुईत दोरा दीना ओवून देते. बाकी हात आपले चालतात, त्यांना डोळे लागत नाहीत.

भागूबाई दुपारी येऊन बसली. पडदा बघून म्हणाली, "एवढ्या साड्यांच्या चार गोधड्या झाल्या असत्या. लटकवून काय थंडी जानार हाय?" रिव्काने तिलाही एक तुकडा दिला. आता ती रोज येते आणि रोज हेच म्हणते.

मंगळवार, ३१ डिसेंबर

आज माझी फजिती झाली.

गोदामात पडदा टांगून बघायचा होता. शिडी लावली, दोन्ही बाजूंनी वर ओढला. झकास दिसत होता. मग त्याच्या स्वतःच्या ओझ्याने तो ताणला गेला आणि माझा पट्टा वरून उसवायला लागला. एक टाका, मग दुसरा, मग सरसर सगळेच. मलकाची साडी खाली आली, मागोमाग माझ्या आईची. दोन मिनिटांत पडद्याच्या मधोमध दार झालं आणि त्यातून पलीकडे उभा असलेला टेम्पोवाला आम्हाला बघत होता.

भागूबाई म्हणाली, "तीस वर्सं शिवण करतीस नि दोऱ्याला गाठ मारायला इसरलीस व्हय?"

मी खाली बसून शिवण तपासली. एकही गाठ नाही. सुरुवातीला नाही, शेवटी नाही, मध्ये उलटी टीप नाही. नुसता धावदोरा, दोन्हीकडे टोकं मोकळी सोडलेली. मग माझ्या लक्षात आलं. मशीनवर मी काहीही शिवलं असेल, पण हातात सुई धरून चाळीस वर्षं एकच गोष्ट शिवली. हाताला दुसरं येतच नाही. मी आईच्या आणि मलकाच्या साड्यांना कफनाची शिवण घातली होती.

सगळ्या विचारायला लागल्या. खोटं बोलता येईना. सांगितलं.

मग याएलने विचारलं, "गाठ का नाही मारायची, आजी?" इतक्या दिवसांत तिने स्वतःहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"जाणाऱ्याला कुठे अडकायला नको म्हणून. सासूबाई तेवढंच सांगायच्या."

तिने खाली पडलेला दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळत राहिली.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

नवी डायरी मागायला पतसंस्थेत गेले. बसवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण कंडक्टर नगर-नगर असंच ओरडतो.

घरी रिव्काशी वाजलं. ती दोन दिवस एकच धरून बसली आहे. मी एक कफन शिवावं आणि ते प्रदर्शनात पडद्यासमोर टांगावं.

"हीच तर खरी कला आहे आँटी. चाळीस वर्षं तुम्ही शिवलं आणि एकानेही बघितलं नाही."

"बघायचं नसतंच ते."

"बायकांचं कामच असं असतं. कोणी बघायचं नाही, कोणी नाव घ्यायचं नाही. म्हणून तर दाखवायला हवं."

"अगं, मातीत जायची वस्तू ती. भिंतीवर खिळ्याला टांगून कोणाच्या अंगाला लागणार?"

"म्हणजे तुमच्याबरोबर हे संपलं तरी चालेल?"

मी भाकरी थापत होते, तव्यावरची करपली. रिव्का वाईट बाई नाही. पण माझं दुखणं नेमकं कुठे आहे ते तिला न बघता सापडलं. मी म्हटलं, जेवायला बसा.

रविवार, ५ जानेवारी

सकाळी बाकीच्या दोघी बाजारात गेल्यावर याएल स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आजी, मला शिकवाल?"

"कशाला? भिंतीवर टांगायला?"

"नाही. टांगणार नाही. शपथ."

"मग कोणाच्या मापाचं?"

"पाच फूट एक इंच. अंगाने बारीक."

मी पाठ फिरवून डबे लावायला लागले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. पाच फूट एक इंच म्हणजे मीच की. पोरीने मला नुसत्या नजरेने मापलं. गुरुवारचं रिव्काचं बोलणं हिने ऐकलं असणार आणि मनाला लावून घेतलं असणार. तोंडाने बोलत नाही, पण माया आहे हो पोटात. मीही ओळखलंय असं दाखवणार नाही. लाजेल बिचारी.

बुधवार, १५ जानेवारी

शिकवणं चाललंय. पांढरी मलमल आणली. पहिली खूण कात्रीने, पुढे हाताने फाडायचं. टोपडं, सदरा, इजार, वरची चादर, या क्रमाने. सुई धरलेली असताना भांडायचं नाही, कोणाची निंदा करायची नाही. मलका आणि मी ही अट पाळता पाळता अर्धी कफनं मुकाट्याने शिवली आहेत, कारण निंदा सोडून आम्हाला दुसरा विषय नसायचा. हे सांगितलं तेव्हा याएल पहिल्यांदा मोकळी हसली.

हात चांगला आहे. पण सवयीने गाठ मारते. मी सोडवते, ती परत मारते. म्हणाली, "गाठ नाही तर धीर होत नाही आजी. सुटेल असं वाटतं."

"सुटायलाच शिवतोय बाई."

काल संक्रांत झाली. भागूबाईने तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणाली. मग पांढरं कापड बघून म्हणाली, "ही पोरगी येवढी का जीव लावून शिवतीया?" मी म्हटलं, असतं एकेकीचं. मनातून सुखावले होते.

गुरुवार, २३ जानेवारी

याएल आता जेवते. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. दिवसभर शिवते, मग आपोआप भूक लागते. फोटोतल्या आईचं विचारलं, आईला काय आवडतं जेवायला? म्हणाली, "ओल्या खोबऱ्याची चटणी आवडायची." मी आज केली. आईशी गोडी झाली की काय कोण जाणे, पण चटणी खाताना चेहरा जरा सैल होता.

सोमवार, २७ जानेवारी

आज सगळं शिवून झालं. याएलने चारी वस्तू धुतल्या, वाळवल्या, खाटेवर मांडल्या. टाके बारीक, सारखे. मलकाने बघितले असते तर काहीतरी खोड काढली असती, म्हणजे फारच चांगले होते.

मला राहवलं नाही. सदरा हातात घेऊन म्हटलं, "गळा छान मोठा ठेवलास. मला गळ्याशी कापड आलं की गुदमरल्यासारखं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सदऱ्याकडे. आणि ती बाहेर गेली.

तिचं गुपित मी उघडं केलं. मेली जीभ माझी. गप्प बसायचं ठरवून तीन आठवडे काढले आणि शेवटच्या दिवशी सांडलं.

मंगळवार, २८ जानेवारी

कसं लिहू? सरळच लिहिते.

दुपारी याएल माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आजी, ते आईचं आहे."

तिची आई एप्रिल एकवीसमध्ये गेली. करोनात. दवाखान्याच्या फाटकाबाहेर ही उभी. आत कोणाला सोडलं नाही. आंघोळ नाही, कफन नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चार माणसांनी नेलं, त्या माणसांचेही चेहरे दिसत नव्हते. "ती आत कशी होती, अंगावर काय होतं, मला आजही माहीत नाही," ती म्हणाली. "मी चार वर्षं रोज तिला कपडे घालते, मनात. कधीच पुरे होत नाहीत. इथे पहिल्यांदा पुरे झाले."

आणि मी या पोरीला म्हटलं होतं, आईला का नाही आणलंस. आईवर रुसली असेल असं मनाशी धरून बसले होते. आवडायची म्हणाली तेव्हाही मला कळलं नाही. पिकलेला डोळा एकच आहे म्हणते मी, दोन्ही पिकलेत.

मी तिला जवळ घेतलं.

पण खोटं कशाला लिहू? त्याच्याखाली, अगदी तळाला, मला एक बारीक वाईट वाटलं. तीन आठवडे मी समजत होते की माझी सोय झाली. ती झाली नव्हती. एवढ्या पोरक्या पोरीपुढे मला स्वतःचं सुचावं, याची लाज वाटते. वाटते तरी तसंच आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

रिव्काला कळलं. याएलनेच सांगितलं. याएलला इतकी वर्षं ओळखते ती, पण हे तिलाही ठाऊक नव्हतं. दिवसभर शिट्टी वाजली नाही. मग माझ्याशेजारी येऊन लसूण सोलायला बसली. म्हणाली, "आँटी, मी टांगायचं म्हणत होते."

"तुला कुठे ठाऊक होतं?"

"तुम्हालाही नव्हतं. पण तुम्ही नाहीच म्हणालात."

"मी अडाणी आहे, म्हणून. अडाण्याला नाही म्हणायला कारण लागत नाही."

लसूण मात्र तिने जाड सोलला, अर्धा वाया घालवला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज झाडांचा सण. मलिदा केला. पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलदोडा, वर फळं, आणि आमच्या संदेष्ट्याचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. भागूबाईने दोनदा घेतला आणि म्हणाली, "आमच्या गोपाळकाल्याचा भाऊच हाय ह्यो."

याएलने विचारलं, शिवलेल्याचं आता काय करू? ठेवलं तर कपाटात, टांगलं तर भिंतीवर. मी म्हटलं, आपण जुनी फाटकी धर्मपुस्तकं टाकत नाही, जाळत नाही, मातीत देतो. हे ज्याच्या मापाचं आहे त्याच्याकडे जाऊ दे. पुण्याला जा, आईच्या कबरीच्या पायाशी हातभर खड्डा कर.

"चालतं का असं, आजी?"

"मला माहीत नाही. शिकलेल्यांना विचारलंस तर वर्षभर वाद घालतील. तू आधी जाऊन ये, मग त्यांना निवांत घालू दे."

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल प्रदर्शन झालं. माझा पट्टा मी पुन्हा शिवला होता. प्रत्येक टाक्याला स्वतःच्या हाताला बजावत होते, बाई, ही माणसं राहायची आहेत, गाठ मार. दोन आठवडे लागले. पडदा टिकला.

बाजारातल्या बाया आल्या, चर्चमधल्या आल्या, कॉलेजच्या पोरी आल्या. भागूबाईने स्वतःच्या तुकड्यावर सासूचं नाव घातलं होतं, जन्मभर जिच्याशी भांडली तिचं. विचारलं तर म्हणाली, "दुसरं कोनी घालनार न्हाई तिचं." एक म्हातारी मलकाच्या साडीपाशी बराच वेळ उभी होती. तिने काठाला हात लावला आणि गेली. कोण होती कोण जाणे.

याएल प्रदर्शनाला नव्हती. कालच पहाटेच्या गाडीने पुण्याला गेली होती, बगलेत गाठोडं घेऊन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

रिव्का आणि दीना सकाळी निघाल्या. दीनाने डबा भरून ताजा मलिदा नेला. घर एकदम मोठं झालं.

अकराच्या सुमाराला याएल आली. पुण्याहून थेट. नखांत माती होती अजून. मी हातपाय धू म्हटलं, तिने धुतले, पाणी प्याली. "झालं," म्हणाली. तिने ताट वाढून घेतलं आणि व्यवस्थित जेवली.

आयुष्यात मी कोणाकडे काही मागितलं नाही. ह्यांच्याकडेही नाही. चुलीवरच्या दुधाची साय काढावी तसे शब्द हळूच काढले.

"याएल, माझं शिवशील का?"

तिने ताट बाजूला ठेवलं. "तेव्हा तुम्हाला वाटलं होतं ना, तुमचंच आहे म्हणून."

"वाटलं होतं."

"मला कळलं होतं आजी. बोलता आलं नाही." मग म्हणाली, "शिवेन. आणि निरोप आला की मी स्वतः येईन, आंघोळ घालायला. पण घाई करायची नाही."

"कोणी? तू का मी?"

"दोघींनी."

तिने टेप काढला. मी ओसरीवर उन्हात उभी राहिले, हात पसरून, लहानपणी दिवाळीच्या परकराला आई उभी करायची तशी. माप सैल घे, म्हटलं. पाच फूट एक इंच नव्हतेच मी, पाच फूटसुद्धा भरले नाही. माणूस झिजतं.

तेवढ्यात भागूबाई आली, हातात निवडायची मेथी. "काय गं, या वयात नवं काय शिवतीयास?"

"सदरा."

"पांढरा?"

"पांढरा."

"लई ढगळ व्हनार. खिसा कुठं लावनार?"

"खिसा नाही लावायचा."

भागूबाईने मेथीची जुडी ओटीवर ठेवली. याएलकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदराने तोंड पुसलं.

"पोरी, टेप वाकडा चाललाय तुजा," ती म्हणाली. "आण, खालचं टोक मी धरते."

गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत ती खाली बसली आणि माझ्या टाचेशी टेप दाबून धरला. मी म्हटलं, दुखतंय तर ऊठ. म्हणाली, "सरळ उभी ऱ्हा आधी."